मदत हवी आहे: भूकंपाचे धक्के थांबत नाहीत, सोबत लहान मुले आहेत

पर्वतीपायथा (२५ डिसेंबर २०११)
नमस्कार. मी दोन मुलांना घेऊन भावाकडे आले आहे आणि शुक्रवारपासून येथे धक्के थांबलेले नाहीत. त्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास एक आणि सव्वातीनला दुसरा असे दोन मोठे धक्के बसले. त्यानंतरचे लहान धक्के मोजणे मी सोडून दिले आहे. धाकटी कडेवरून उतरत नाही, आणि थोरला "पळायचे झाले तर" असे म्हणून रात्रीही बाहेरचेच कपडे घालून झोपतो. तिकीट १४ जानेवारीचे आहे; तारीख अलीकडे आणायची असल्यास उद्या संध्याकाळपर्यंत कळवावे लागेल. पुण्याहून सासूबाई दर दोन तासांनी फोन करून "ताबडतोब निघा" म्हणतात, तर भाऊ "हे नेहमीचेच आहे" असे म्हणून पुन्हा वर्तमानपत्रात डोके घालतो. मुलांना कोठे झोपवावे आणि धक्का बसला की नेमके काय करावे, एवढेच सांगा. कृपया लवकर.

औंधकर
ताई, "येथे" म्हणजे कोठे? मुलांची वये काय? घर कितव्या मजल्यावर आहे?

लातूरकर_हडपसर
वये विचारत बसण्याची ही वेळ नाही. आम्ही ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट पाहिली आहे. गणपती विसर्जन करून गाव नुकतेच झोपले होते आणि चार वाजायच्या आत सारे संपले. जे घरात होते ते गेले, अंगणात निजलेले वाचले. मुलांना उचला, उघड्यावर या आणि तेथेच झोपा.

सदाशिव_काका
११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा धक्का बसला तेव्हा पहाटे आमच्या वाड्यातील सगळी बिऱ्हाडे चौकात जमली होती. वडील दाराच्या चौकटीखाली उभे राहिले होते, तेच सर्वांत सुरक्षित. मात्र सहा वर्षांपूर्वीच पानशेत फुटलेले असल्यामुळे धक्क्यापेक्षा "धरण गेले" या आवईचीच सर्वांना अधिक भीती वाटली होती.

औंधकर
काका, पानशेत फुटले ते भूकंपाने नव्हे, आणि ताईंनी धरणाविषयी विचारलेलेही नाही.

निवृत्त_अभियंता
भिंती कशाच्या आहेत आणि छप्पर कशाचे आहे, हे कळल्याशिवाय बाहेर पळा किंवा आत थांबा यांपैकी काहीही सांगणे धोक्याचे आहे.

पर्वतीपायथा
क्षमस्व, शुक्रवारच्या बातमीवरून लक्षात येईल असे वाटले होते. आम्ही न्यूझीलंडमध्ये, क्राइस्टचर्चला आहोत. मुलगा सहा वर्षांचा आणि मुलगी तीन वर्षांची आहे. घर बैठे आहे, सांगाडा लाकडी आणि वर पत्रा. बैठकीच्या खोलीत विटांचे जुने धुराडे आहे आणि मुले तेथेच गादी घालून झोपतात, कारण ती खोली उबदार असते.

कोथरूडचा_राजा
आपले बंधू तेथे कोणत्या व्हिसावर गेले? माझ्या भाच्यासाठी विचारत आहे.

निवृत्त_अभियंता
गादी आजच तेथून हलवा. बाकीचे सावकाश वाचले तरी चालेल.

लातूरकरांचा अनुभव खोटा नाही, पण किल्लारीच्या घरांच्या भिंती दगडमातीच्या होत्या आणि वर मातीचे जाड धाबे होते. ते कोसळले की खाली कोणी वाचत नसे. लाकडी सांगाड्याचे बैठे घर करकरते, डोलते, परंतु सहसा माणसावर पडत नाही. त्या शहरात याच वर्षीच्या फेब्रुवारीतील भूकंपातील मृतांपैकी निम्म्याहून अधिक एकाच सहा मजली इमारतीत गेले, आणि रस्त्यावरचे कित्येक जण जुन्या विटांच्या दर्शनी भिंती अंगावर पडून गेले. म्हणून आपल्या घरात धोका आहे तो धुराड्याचा, काचांचा आणि उभ्या कपाटांचा. या तिन्हींपासून दूर असलेल्या आतल्या खोलीत सर्वांनी एकत्र झोपावे आणि उशाशी बॅटरी व प्रत्येकाचे बूट ठेवावेत. जागेपणी धक्का बसला तर मजबूत टेबलाखाली बसून त्याचा पाय धरावा. रात्री बसला तर अंथरुणातच उशीने डोके झाकावे आणि धाकटीला पोटाशी घ्यावे. चौकट विसरा, हेलकावणारे दार बोटे चिरडते.

लातूरकर_हडपसर
पत्र्याचे घर आहे हे आधी सांगितले असते तर मीही तसेच लिहिले असते. तरी माझी झोप अंगणातच लागली असती.

भूशास्त्र_अधूनमधून
तिकिटाविषयी. असे धक्के कसे ओसरतात हे ओमोरी या जपानी शास्त्रज्ञाने १८९४ मध्ये मांडले: पहिल्या दिवशी जितके बसतात, त्याच्या सुमारे एक दशांश दहाव्या दिवशी. अडचण अशी की सप्टेंबर २०१० च्या ७.१ तीव्रतेच्या भूकंपानंतर फेब्रुवारीत ६.३ चा धक्का बसला आणि लहान असूनही तोच घातक ठरला, कारण तो शहराच्या अगदी जवळ आणि उथळ होता. शुक्रवारपासूनची मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू झाली आहे. संख्या निश्चित घटेल, मात्र एखादा मोठा येणारच नाही, अशी हमी कोणी देऊ शकत नाही.

दोन_पोरांची_आई
मुलांना "काही होत नाही" असे सांगू नका, कारण होत आहे हे त्यांना दिसते. थोरल्याला काम द्या. धक्का किती मोठा होता याचा त्याने आधी अंदाज सांगायचा आणि मग मामाने संगणकावर खरा आकडा पाहायचा. धाकटीला कासव व्हायला शिकवा: गुडघ्यांवर बसायचे, मान आत घ्यायची, हात मानेवर ठेवायचे. हे दिवसा हसतखेळत करा, रात्री आपोआप होते.

पर्वतीपायथा (३ जानेवारी २०१२)
उत्तर द्यायला उशीर झाला. गादी त्याच रात्री हलवली. तिकीट बदलले नाही, त्यावरून सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला. काल पहाटे पुन्हा मोठा धक्का बसला. धाकटी अर्धवट झोपेतच कासव झाली, आणि थोरला उशीखालून "पाच!" असे ओरडला. मामाने पाहिले तर आकडा पाचाच्या थोडा वरच होता. सकाळी आजीचा फोन त्यानेच उचलला आणि "तुमच्याकडे किती बसतात?" असे विचारले. आता तो रात्री झोपायचे कपडे घालतो, बूट मात्र अजून पायातून काढत नाही.