७८०५ लावण्याआधी मीटरच्या वायरी पाहा

वर एका भाऊनं लिहिलं की बॅटरीचं व्होल्टेज दाखवणाऱ्या डिजिटल मीटरचे आकडे नाचून राहिले तर ७८०५ (सप्लाय कायम ५ व्होल्टवर ठेवणारा रेग्युलेटर) टाका, काम फत्ते. ७८०५ बरोबरच आहे पण तो तीन वायरच्या मीटरलाच चालते (सप्लाय, मोजणी अन् काळी वेगवेगळी), दोन वायरवाल्यात सप्लाय आणि मोजणी एकाच वायरीतून असते, त्यात रेग्युलेटर टाकला तर बॅटरी काहीही असो स्क्रीनवर कायम ५.० च्या आसपासच दिसन.

दुसरी गोष्ट इथं कोणी लिहिली नाही. आमच्याकडं रानडुकरांपायी शेताशेतात कुंपणाच्या तारेत झटका सोडणारी सोलर झटका मशीन आहे, त्याच बॅटरीवर मीटर लावला की मशीनच्या प्रत्येक टिक् संगं आकडा खाली जाते अन् वर येते. मशीन दर सेकंदाला जोरात करंट ओढते, वायर बारीक अन् लांब असली की तिच्यातच व्होल्टेज पडते, तिथं नुसता ७८०५ काय करणार? मीटरची काळी आणि मोजणीची वायर मशीनच्या पट्टीवरून नाही, थेट बॅटरीच्या टर्मिनलवरून घ्या. सप्लायच्या वायरीत आधी १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देते), मग ४७० मायक्रोफॅरड ५० व्होल्टचा कपॅसिटर (थोडा चार्ज साठवून ठेवते), मग ७८०५. १२ व्होल्टची बॅटरी १०.५ व्होल्टवर उतरली तरी डायोडनंतर ९.८ उरते, ७८०५ ला ७ पुरतात. पण १२ व्होल्टचे दोन सोलर पॅनल सिरीजमध्ये (एकामागं एक जोडलेले) असतील तर पॅनलवरून सप्लाय घेऊच नका, उन्हात बिनलोडचे ४० व्होल्टच्या वर जातात अन् ७८०५ ची हद्द ३५ आहे.