वडिलांच्या वर्षश्राद्धाला त्यांच्या फौजी आयुष्याबद्दल काय लिहावे?

प्रश्न (लालबाग):
माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि पुढची सारी वर्षे त्यांनी चाळीतल्या दोन खोल्यांत, आईच्या आजारपणात आणि आम्हा तिघा भावंडांच्या शिक्षणात घालवली. वर्षश्राद्धाच्या निमित्ताने नातवंडांसाठी चार पाने लिहावीत असा विचार आहे. परंतु १९७१ च्या युद्धाबद्दल ते घरी कधी बोललेच नाहीत. ट्रंकेत दोन पदके सापडली, त्यांतले एक ‘पूर्वी स्टार’ नावाचे आहे असे कळले. पुढे माहिती कुठून मिळवावी?

उत्तर (दादर):
पूर्वी स्टार हे त्या युद्धात पूर्व आघाडीवर, म्हणजे आजच्या बांगलादेशाच्या बाजूला, सेवा बजावलेल्यांना दिले गेले. पश्चिमेकडच्यांना पश्चिमी स्टार मिळाले. दुसरे बहुधा संग्राम पदक, म्हणजे त्या युद्धाच्या काळातल्या सेवेचे पदक, असावे. आधी डिस्चार्ज बुक, म्हणजे निवृत्तीच्या वेळी फौजेकडून मिळालेले पुस्तक, शोधा, कारण त्यात सेवा क्रमांक आणि भरतीची तारीख असते. तो क्रमांक देऊन रेजिमेंटच्या बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहा.

उत्तर (डोंबिवली):
केवळ लढाईच लिहू नका. माझे मामाही फौजेत होते. आम्हाला मात्र आठवते ते त्यांचे रात्री सर्वांचे बूट पॉलिश करून उंबऱ्याशी रांगेत लावणे.

प्रश्नकर्ता:
पुस्तक सापडले, आईच्या औषधांच्या चिठ्ठ्यांखाली. त्याच रबरबँडमध्ये आमची तिघांची प्रगतिपुस्तकेही आहेत, पहिलीपासूनची.