कोकणातून परग्रहावरचं पाणी शोधता येतं का? आणि 'शोधतो' असं म्हणावं का?

सड्यावरचा

आमच्या देवगड तालुक्यात हौशी आकाशनिरीक्षकांचा एक छोटा गट आहे, मीही त्यात असतो. पाऊस सरला की सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, दुर्बीण लावायची, पोराटोरांना शनीची कडी दाखवायची, असं बरीच वर्षं चाललंय. यंदा वर्गणी काढून चांगला कॅमेरा घ्यायचं ठरलं. पण वर्गणीच्या पत्रकावर ठळक अक्षरांत लिहिलंय, 'आपल्या सड्यावरून परग्रहावरच्या पाण्याचा शोध'. त्यावरून माझं नि बाकीच्यांचं चांगलंच वाजलं. म्हणून हा धागा.

महाश्व तारकासमूहातला एचडी २०९४५८ हा तारा घ्या. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, साध्या बायनॉक्युलरमधून दिसतो. ऑक्टोबरात रात्री आपल्याकडे जवळजवळ डोक्यावर असतो. त्याचा ग्रह दर साडेतीन दिवसांनी त्याच्यासमोरून जातो आणि सुमारे तीन तास ताऱ्याचा उजेड दीड टक्क्याने घटतो. परताऱ्याच्या ग्रहाचं असं अधिक्रमण पहिल्यांदा दिसलं ते याच ताऱ्यापाशी, १९९९ मध्ये. आठ इंची दुर्बीण, बऱ्यापैकी कॅमेरा आणि चिकाटी असेल तर ही घट सड्यावरूनही पकडता येते. इथवर आमचं एकमत आहे.

आता पाण्याकडे या. याच ग्रहाच्या वातावरणातली वाफ हबल दुर्बिणीने २०१३ मध्ये दाखवली. ती खूण होती साधारण ०.०२ टक्क्याची. म्हणजे आपण मोजतो त्या घटीच्या पाऊणशेपट बारीक, तीही अवरक्त प्रकाशात, १.४ मायक्रॉनच्या आसपास. नेमका तोच प्रकाश आपल्या हवेतली वाफ वरच्या वर गिळून टाकते. म्हणून हबल हवेच्या वर आहे, वेब ही अवकाश दुर्बीण तर १५ लाख किलोमीटर लांब आहे, आणि जमिनीवरची हानले वेधशाळा ४५०० मीटर उंचीवर लडाखच्या कोरड्या हवेत आहे. आपण बसलोय खाडीच्या तोंडाशी, दमट हवेत. इथून परग्रहावरची वाफ शोधणं म्हणजे भर पावसात उभं राहून शेजाऱ्याचा नळ गळतोय का ते बघणं.

मग आपल्या हातात काय आहे? वेळ. ग्रहाच्या फेरीच्या काळात एका सेकंदाची चूक धरली, तर तीनशे फेऱ्यांनंतर, म्हणजे या ग्रहाच्या बाबतीत जेमतेम तीन वर्षांत, अधिक्रमणाची वेळ पाच मिनिटांनी हुकते. अवकाश दुर्बिणीचं एकेक मिनिट महाग. युरोपीय अवकाश संस्थेची एरियल ही दुर्बीण सुमारे हजार ग्रहांची वातावरणं तपासणार आहे, आणि त्या ग्रहांच्या वेळा ताज्या ठेवण्यासाठी एक्झोक्लॉक नावाचा उपक्रम जगभरच्या हौशी लोकांकडून नोंदी घेतो. हे खरं काम आहे, आणि आपल्याला जमण्यासारखं आहे. तेवढंच लिहा की पत्रकावर.

फणसगर

पत्रक वर्गणीचं आहे हो, पीएचडीचा प्रबंध नाही. 'अधिक्रमणाच्या मध्यबिंदूची वेळ नोंदवण्यासाठी सढळ हाताने मदत करा' असं छापलंत तर तुमच्या घरचे तरी देतील का? पाणी म्हटलं की माणूस थांबतो. थांबला की त्याला घट, आलेख, वेळ सगळं समजावता येतं. आधी त्याला सड्यावर तर येऊ दे.

आणि साखळीतला पहिला माणूस शोधात नसतो का? तुम्ही वेळ दिलीत, तिच्यावरून दुर्बीण वळवली, तिला वाफ दिसली. मग त्या शोधात तुमचा वाटा नाही म्हणणं हा विनय की फाजील काटेकोरपणा?

सड्यावरचा

वाटा आहे, म्हणून 'वाटा' लिहा. आलेला माणूस पहिला प्रश्न हाच विचारणार की पाणी कुठे दिसलं. तेव्हा तुम्ही त्याला कॅमेऱ्याच्या पडद्यावर एक ठिपका दाखवणार. पुढच्या खेपेस तो येईल?

बंदरकाठ

आमच्या बांयत एप्रिल सरता सरता पाणी नाय, टँकरची वाट बघूची लागता, आणि तुमी परग्रहार पाणी शोधतास! आधी गावातला शोधा मगे आकाशातला.

वाडीची सून

बंदरकाठ, हा मुद्दा दर धाग्यावर येतो. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडून आपल्याकडे मे महिन्यात टँकर येतो, कारण आपला जांभा पाणी धरून ठेवत नाही आणि ओढ्यांचं पाणी चार महिन्यांत समुद्राला मिळतं. त्यासाठी बंधारे लागतात, वर्षानुवर्षं लागून काम करणारी माणसं लागतात. एका कॅमेऱ्याच्या पैशात बंधारा तर सोडाच, पाइपसुद्धा पुरा यायचा नाही. दशावताराच्या वर्गणीला हा प्रश्न कुणी विचारत नाही, दुर्बिणीलाच का?

मूळ विषयावर मी सड्यावरच्यांच्या बाजूची आहे. माझा मुलगा त्या गटात जातो. 'आई, आम्ही पाणी शोधतोय' असं शाळेत सांगून आला. बाईंनी विचारलं कसं, तर त्याला सांगता आलं नाही.

गलबत

विजयदुर्ग किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' आहेत. १८६८ च्या खग्रास ग्रहणात तिथूनच लॉकियर साहेबाने हेलियम शोधला. १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिन साजरा होतो. जिथे एक अख्खं मूलद्रव्य सापडलं तिथल्या लोकांनी पाण्याचं नाव घेतलं तर एवढं काय बिघडलं?

जुनी वही

गलबत, ओट्यांचा मलाही अभिमान आहे. पण १८६८ च्या ऑगस्टात लॉकियर भारतात नव्हता. त्याचं निरीक्षण त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातलं, तेही इंग्लंडमधून आणि ग्रहणाशिवाय. ग्रहणाचा पट्टा आपल्या किनाऱ्यावरून पूर्वेकडे गेला एवढं खरं. जमखंडीला लेफ्टनंट हर्शेल होता, गुंटूरला फ्रान्सचा जान्सेन होता, मच्छलीपट्टणला पॉगसन. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट (प्रकाश रंगांत फोडून मिळणारा पट्टा, त्यातल्या रेषांवरून पदार्थ ओळखतात) ग्रहण सुटल्यावरही बघता येतो, हे जान्सेनने गुंटूरला दाखवलं.

आता याच जान्सेनची दुसरी गोष्ट ऐका, कारण ती थेट या धाग्याची आहे. गुंटूरला येण्याच्या आदल्या वर्षी, १८६७ मध्ये, तो सिसिलीतल्या एटना ज्वालामुखीवर चढला होता. कशासाठी, तर खालची दमट हवा टाळून मंगळाच्या प्रकाशात पाण्याची वाफ सापडते का ते बघायला. सापडली, असं त्याने जाहीर केलं. पुढे १८९४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेत कॅम्पबेलने मंगळ आणि चंद्र यांचे वर्णपट शेजारी शेजारी ठेवले. चंद्रावर हवा नाही, म्हणजे चंद्राच्या वर्णपटात वाफेच्या ज्या रेषा येतील त्या आपल्याच हवेच्या. दोन्हींत काही फरक दिसला नाही. मंगळाची म्हणून जी वाफ होती ती पृथ्वीची निघाली.

मंगळावरची वाफ खरोखर सापडायला १९६३ उजाडलं. तेव्हा माउंट विल्सनवर युक्ती अशी केली की मंगळ आणि पृथ्वी यांच्यातलं अंतर वेगाने बदलत असताना वर्णपट घेतला. त्या वेगामुळे मंगळाच्या रेषा आपल्या रेषांपासून किंचित सरकतात आणि वेगळ्या ओळखता येतात. वाफ निघाली ती अगदी नगण्य.

सड्यावरचे, आता तुमच्याशी भांडतो. जान्सेन चुकला, पण त्याने दावा केला म्हणून तर कॅम्पबेलला तपासावंसं वाटलं. सगळेच तुमच्यासारखे जपून बोलले असते तर ना दावा झाला असता, ना त्याचं खंडन.

सड्यावरचा

जान्सेन त्या काळातला वर्णपटाचा जाणकार होता, आणि आपण काय मोजलं ते त्याने सांगितलं होतं, म्हणून ते खोडता आलं. आमच्या पत्रकात खोडण्यासारखंही काही नाही. आणि मधली २७ वर्षं विसरू नका. तेवढ्या काळात लोकांच्या कल्पनेत मंगळावर कालवे आणि ते खणणारे लोकही येऊन राहिले होते.

रात्रपाळी

तुम्ही सगळे दुर्बिणीतच अडकलात. हबल, वेब यांच्या नोंदी ठरावीक मुदतीनंतर सर्वांना फुकट खुल्या होतात. मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाचे फोटो तर ढिगाने पडलेत. मला दमट हवेची अडचण नाही, नेट गेलं तरच अडचण. लुजेंद्र ओझा हा नेपाळी मुलगा ॲरिझोनात पदवीचं शिक्षण घेत होता, तेव्हा फोटो चाळताना त्याला मंगळाच्या उतारांवर उन्हाळ्यात लांबणाऱ्या काळ्या रेघा दिसल्या. २०११ मध्ये ते जगासमोर आलं. २०१५ मध्ये नासाने त्या रेघांचा संबंध खारट पाण्याशी जोडला. म्हणजे आठ इंची आरसा नको, दोन डोळे आणि लॅपटॉप बस झाले.

जुनी वही

आणि २०१७ मध्ये त्याच उतारांचे कोन मोजून म्हटलं गेलं की ही कोरडी वाळू घसरतेय, पाण्याची गरजच नाही. ते विसरलात.

सड्यावरचा

रात्रपाळी, तुमचा मार्ग मला पटतो, पण निष्कर्ष नाही. के२-१८बी हा १२४ प्रकाशवर्षांवरचा ग्रह बघा. २०१९ मध्ये हबलच्या नोंदींवरून तिथे पाण्याची वाफ असल्याची बातमी सगळ्या वर्तमानपत्रांत आली, आपल्याकडेही. २०२३ मध्ये वेबच्या नोंदी आल्या. त्यांत मिथेन निघाला, कार्बन डायऑक्साइड निघाला, वाफेची पक्की खूण मात्र नाही. १.४ मायक्रॉनपाशी मिथेनही प्रकाश शोषतो, आधी पाणी समजलं गेलं ते बहुधा तेच. अब्जावधी डॉलरच्या दुर्बिणी आणि पूर्णवेळ माणसं असून ही गत. तिथे आपण वर्गणीच्या पत्रकावर 'पाण्याचा शोध' छापायचा?

फणसगर

म्हणजे चुकायचा हक्क फक्त मोठ्यांना. छान.

तांबडा ग्रह

धागा उघडल्यापासून वाट बघतोय की कुणीतरी मंगळाचे ढग काढेल. कुणी काढले नाहीत, म्हणून लिहितो. सड्यावरचे, तुमचं परताऱ्यांचं गणित बरोबर आहे, पण 'सड्यावरून पाणी दिसत नाही' हे बरोबर नाही. मंगळाच्या उत्तर ध्रुवावरची उन्हाळ्यात उरते ती टोपी पाण्याच्या बर्फाची आहे. मंगळ सूर्यापासून लांब असतो त्या ऋतूत विषुववृत्ताजवळ ढगांचा पट्टा तयार होतो, तोही बर्फकणांचाच. मंगळाच्या थार्सिस पठारावरच्या ज्वालामुखींवर दुपारनंतर ढग चढतात. आठ इंचीतून निळा फिल्टर लावून हे सगळं टिपता येतं.

आता आपलं नशीब बघा. मंगळ सर्वांत जवळ येतो तो जुलै ते सप्टेंबरात. २००३ ऑगस्ट, २०१८ जुलै, पुढे २०३५ सप्टेंबर. तिन्ही वेळा कोकणात ताडपत्रीखाली! २०१८ मध्ये तर मंगळावरही धुळीचं वादळ होतं. पण १९ फेब्रुवारी २०२७ ची प्रतियुती (मंगळ सूर्याच्या बरोबर समोर येतो ती वेळ) आपली आहे. आभाळ स्वच्छ, मंगळ सिंह राशीत, मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर. बिंब लहान, २०१८ च्या २४ कोनीय सेकंदांऐवजी जेमतेम १४ चं. मात्र ऋतू नेमका ढगांच्या पट्ट्याचा. मुंबई-पुण्याहून लोक तोंडात बोट घालतील असे फोटो इथून निघू शकतात, कारण समुद्रावरची संथ हवा बिंब थरथरू देत नाही.

सड्यावरचा

हे दिसेल, मान्य. पण ढग आहेत हे यानांनी कधीच सांगितलंय. याला शोध कसं म्हणायचं?

तांबडा ग्रह

मार्च २०१२ मध्ये मंगळाच्या कडेवर दोनशे किलोमीटरच्या वर उसळलेला एक लोट हौशी लोकांच्या फोटोंतच आधी दिसला. २०१५ मध्ये त्यावर 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात लेख आला. यानं मंगळाभोवती होती, पण ती त्या वेळी तिथे बघत नव्हती. रोजचा पहारा हौशीच देतात.

खारा वारा

फोटो काढा, पण आधी माझं ऐका. कॅमेऱ्याच्या डब्यात सिलिका जेल ठेवा आणि ते महिन्याला तव्यावर गरम करून घ्या. आमच्याकडे एका पावसाळ्यात दुर्बिणीच्या आरशावर बुरशीची नक्षी उठली, कडेच्या स्क्रूंना तर गंजाने धरलं ते धरलंच. पश्चिमेकडचं क्षितिज विसरा. एलईडी लावून मासेमारीला बंदी आहे, तरी रात्री उजेडाची रांग दिसतेच. आणि फेब्रुवारीत कलमांवर फवारणी चालू असते, बागेच्या कडेला आरसा उघडा ठेवू नका.

वाडीची सून

तांबडा ग्रह, एक विचारते. फोटोवर प्रक्रिया करताना पांढरे डाग आपोआपही येतात ना? पोरांनी ढग समजून भलतंच काही दाखवलं तर?

तांबडा ग्रह

येतात, ताई. म्हणून निळा आणि लाल, दोन्ही फिल्टरमधून पाठोपाठ फोटो घ्यायचे. निळ्यात ठळक नि लालमध्ये फिका तो ढग. लालमध्ये जास्त उजळ ती धूळ. दोन्हींत बिंबाच्या कडेला सारखीच पांढरी रेघ आली तर ती संगणकाने जास्त घासल्याची खूण, ती टाकून द्यायची. तीच जागा दुसऱ्या रात्री परत बघायची, आणि मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा सुमारे ४० मिनिटांनी मोठा, म्हणून ती जागा रोज तेवढी उशिरा समोर येते, ते धरून वेळ ठरवायची.

सड्यावरचा

कच्च्या फाइलीही ठेवणार असाल तर फिल्टरचे पैसे मी देतो. लाल माझ्याकडे आहे, निळा घ्यावा लागेल.