मदत हवी आहे: पॅसिव्हमध्ये 'बीइंग' कधी लावायचं?

नमस्कार मंडळी, परीक्षेसाठी इंग्रजी ग्रामर करतेय आणि पॅसिव्ह व्हॉइसमध्ये एकाच जागी सारखी अडकतेय. नियम पाठ आहे, साध्या काळात 'इज' किंवा 'आर' आणि पुढे क्रियापदाचं तिसरं रूप, कंटिन्युअस असेल तर मधे 'बीइंग'. म्हणजे 'दे पेंट द वॉल' चं 'द वॉल इज पेंटेड' आणि 'दे आर पेंटिंग द वॉल' चं 'द वॉल इज बीइंग पेंटेड'. ॲक्टिव्ह वाक्य समोर असलं की पटापट बदलता येतं, पण स्वतःहून लिहायला बसलं की सगळा घोळ, कारण मराठीत 'भिंत रंगवली जाते', 'भिंत रंगवली जातेय' आणि 'भिंत रंगवलेली आहे' ही तीन वेगळी वाक्यं आहेत आणि इंग्रजीत पहिल्याला आणि तिसऱ्यालाही 'द वॉल इज पेंटेड' च! मग वाचणाऱ्याला कळतं कसं?

काल सरावाच्या पेपरात 'व्हेन वी अराइव्ड, द रूम... सो वी वेटेड आउटसाइड' असं आलं. मी 'वॉज क्लीन्ड' लिहिलं, उत्तर निघालं 'वॉज बीइंग क्लीन्ड'. दोन्ही भूतकाळच ना, मग माझं चुकलं कुठे?

आणि 'दे हॅव बीन बिल्डिंग द ब्रिज फॉर टू इयर्स' चं पॅसिव्ह काय करायचं? प्लीज कोणीतरी नीट समजावून सांगा, खरंच गरज आहे.

उत्तर:
ताई, तुमची तीन मराठी वाक्यंच कामाला येतील. 'रंगवलेली आहे' मध्ये 'पेंटेड' हे विशेषणासारखं वागतं, आणि कोणता अर्थ ते बाजूचे शब्द सांगतात. 'इज पेंटेड एव्हरी इयर' म्हणजे दरवर्षी रंगवली जाते, 'इज पेंटेड ब्लू' म्हणजे निळी रंगवलेली आहे. 'जातेय' आलं की मात्र 'बीइंग' हवंच.

खोलीचं बघा, तुम्ही पोचलात तेव्हा सफाई अर्धवट होती म्हणून तर बाहेर थांबलात. 'वॉज क्लीन्ड' म्हटलं की पोचल्यावर साफ केली किंवा आधीच साफ होती असं वाटतं, मग थांबायचं कारणच उरत नाही. पूर्वी इंग्रजीत 'द हाउस इज बिल्डिंग' असंच म्हणायचे, 'इज बीइंग बिल्ट' १८व्या शतकाच्या शेवटी रुळायला लागलं आणि १९व्या शतकात कित्येक व्याकरणकारांना ते अजिबात आवडायचं नाही.

पुलाचं 'हॅज बीन बीइंग बिल्ट' नियमाने बनतं पण फार अवघडलेलं वाटतं, म्हणून सहसा टाळतात. 'हॅज बीन अंडर कन्स्ट्रक्शन फॉर टू इयर्स' लिहा.

खूप खूप धन्यवाद दादा! खोलीचं आत्ता डोक्यात शिरलं. म्हणजे 'माझा फोन दुरुस्त होतोय' हे 'माय फोन इज बीइंग रिपेअर्ड', बरोबर ना?

हो, एकदम बरोबर. फक्त 'नो' (know, म्हणजे माहीत असणं) सारख्या क्रियापदांना 'बीइंग' लावू नका, 'द आन्सर इज नोन' एवढंच.