एक्लिप्सिंग बायनरी: गच्चीवरून ताऱ्याचा आकार मोजता येतो का?

गच्चीवरची_दुर्बीण:
मंडळी, सूर्यासारख्या ताऱ्याची त्रिज्या मोजतात कशी हे एकदा स्वतः करून बघायचंय. माझ्याकडे ४ इंची दुर्बीण आणि कॅमेरा आहे, फेब्रुवारीत सप्तर्षीतला डब्ल्यू अर्सा मेजोरिस धरावा म्हणतेय, तो एक्लिप्सिंग बायनरी आहे, म्हणजे एकमेकांभोवती फिरताना आळीपाळीने एकमेकांना झाकणारे दोन तारे, आणि दर ८ तासांनी चक्कर पूर्ण होते म्हणे. जमेल का?

ध्रुवमत्स्य:
सुरुवातीला याच्यासारखा तारा नाही! दर चार तासांनी ग्रहण, प्रत (मॅग्निट्यूड, आकडा मोठा तितका तारा मंद) ७.७५ वरून ८.४८ पर्यंत उतरते म्हणजे उजेड जवळपास निम्मा, आणि फेब्रुवारीत पुण्याहून एका रात्रीत अख्खं चक्र मिळतं. पण प्रकाशवक्रातून, म्हणजे वेळेप्रमाणे बदलणाऱ्या उजेडाच्या आलेखातून, फक्त त्रिज्या आणि दोघांमधल्या अंतराचं गुणोत्तर निघतं, किलोमीटर नाही. त्यासाठी स्पेक्ट्रममधून (ताऱ्याच्या प्रकाशाच्या वर्णपटातून) दोघांचे वेग लागतात, आणि वेग मिळाले की मग वस्तुमानही येतं. शिवाय हे दोघं एकमेकांना चिकटलेत, बाहेरचं आवरण एकच, म्हणून एकाचं वस्तुमान दुसऱ्याच्या साधारण दुप्पट असूनही तापमान जवळपास सारखं आणि दोन्ही ग्रहणं जवळपास सारखीच खोल.

रोहिणी_का_कृत्तिका:
वरचं बरोबर आहे, फक्त 'सूर्यासारखा' हा शब्द जपून वापरायला हवा असं मला मनापासून वाटतं. सूर्य स्वतःभोवती फिरायला साधारण २५ दिवस घेतो, जवळच्या जोड्यांत मात्र भरती-ओहोटीच्या बलाने ताऱ्याचं फिरणं कक्षेशी बांधलं जातं, म्हणजे इथे ८ तासांत एक फेरी, मग चुंबकीय क्षेत्र जोरदार होतं, मोठाले डाग पडतात आणि त्यामुळे कधीकधी वक्राची दोन शिखरं वेगवेगळ्या उंचीची येतात, ते बघून कॅमेऱ्याला दोष देऊ नकोस. याचा परिणाम ताऱ्याच्या आकारावरही होतो: व्ही६३६ सेंटॉरी या दुसऱ्या अशाच जोडीत मुख्य तारा सूर्याच्या १.०५ पट वस्तुमानाचा, एका फेरीचा काळ ४.२८ दिवस, आणि त्याचा जोडीदार ताऱ्यांचं गणिती मॉडेल सांगतं त्यापेक्षा मोठा आणि थंड निघाला. खरे सूर्याचे भाऊबंद हवे असतील तर केप्लर-३४ ही जोडी बघ, दोन्ही तारे सूर्याएवढेच, कक्षा जवळपास २८ दिवसांची, त्यांच्याभोवती ग्रहसुद्धा आहे, पण ते ४ इंचीचं काम नाही.

गच्चीवरची_दुर्बीण:
म्हणजे ग्रहणाची वेळ मोजणं हे माझ्या आवाक्यातलं. उजेड मोजताना तुलनेला किती तारे घेऊ?

ध्रुवमत्स्य:
निदान दोन घे, त्याच फ्रेममधले आणि रंगाने जवळचे, म्हणजे त्यातलाच एखादा बदलता निघाला तर कळेल. फोकस जरा सैल ठेव, एक्सपोजर जळता कामा नये. आणि वेळ सूर्यकेंद्री, म्हणजे सूर्यावरून बघितल्यासारखी, करून घे, पृथ्वीच्या जागेमुळे काही मिनिटांचा फरक पडतो.