स्पॅनिशमधलं 'पेसादो': जड, चिकट की आणखी काही?

ऐरोलीकर:
स्पॅनिश चॅट-सपोर्टच्या कामात 'पेसादो' हा शब्द तीन ठिकाणी अडतोय.
'नो किएरो सेर पेसादो, पेरो सिगो एस्पेरान्दो.'
'एल आर्चीबो एस देमासियादो पेसादो.'
तिसरं मेक्सिकोच्या टीममधल्या मुलाने मलाच लिहिलं: 'ओय एस्तास मुय पेसादो.'
ट्रान्सलेटर तिन्हीकडे 'जड' देतो. म्हणजे मी जाड झालोय की काय?

घोडबंदरवासी:
जाड नाही, आज तू पिळतोयस एवढंच! स्पॅनिशमध्ये 'असणे'साठी दोन क्रियापदं: 'एस्तार' (तुझ्या वाक्यातलं 'एस्तास') आलं की आजपुरतं, 'सेर' (त्याचं रूप 'एरेस') आलं की स्वभावच चिकट: 'एरेस मुय पेसादो' जास्त लागतं.
पहिलं वाक्य महत्त्वाचं. ग्राहक म्हणतोय, 'सारखं विचारून डोकं खायचं नाहीये, पण अजून वाट बघतोय.' ही सभ्य भाषेतली तक्रार. उत्तराची सुरुवात 'नो एस निंगूना मोलेस्तिया' (अजिबात त्रास नाही) अशी कर आणि लगेच तिकीट (तक्रारीची नोंद) कुठवर आलंय ते सांग. ग्राहक बाई असेल तर 'पेसादा' लिहील.
दुसऱ्यात फाइलची साइज मोठी आहे. स्पॅनिशमध्ये फाइलला 'वजन' असतं: 'पेसा बेइन्ते मेगास', म्हणजे 20 एमबी. अपलोडची मर्यादा बघ, किंवा झिप करून पाठवायला सांग.

तलावपाळी:
जेवणाला मराठीसारखंच चालतं, 'ला सेना मे कायो पेसादा': रात्रीचं जेवण जड गेलं. पण लॅटिन अमेरिकेतल्या बऱ्याच देशांत माणसाबद्दल 'मे काए पेसादो' म्हटलं तर तो डोक्यात जातो. स्पेनमध्ये त्याला 'मे काए माल' म्हणतात. 'ब्रोमा पेसादा' म्हणजे जिव्हारी लागणारी थट्टा.
अवजड वाहनं 'बेइकुलोस पेसादोस', इथवर ठीक. पण घोडबंदर रोडचं ट्रॅफिक 'देन्सो', आणि मुसळधार पाऊस 'युबिया फुएर्ते'. पावसाला पेसादो लावलं की इंग्रजीची सवय लगेच कळते.

घोडबंदरवासी:
हो, आणि मराठीची सवयही नको. आपल्याकडे 'भारी माणूस' हे कौतुक. त्याच हिशोबाने क्लायंटला 'पेसादो' म्हणालास तर तो कपाळावर आठ्या घालेल.

ऐरोलीकर:
आणि सामान खरंच जड असेल तर?

तलावपाळी:
'ला मालेता पेसा मुचो', म्हणजे सूटकेसचं वजन खूप आहे. विशेषण नकोच, क्रियापद वापर.