पहिल्यांदाच परदेश : ग्रुप टूर नको, जुनं गाव आणि छोटं हॉटेल हवंय, आई सोबत आहे

शाहूपुरी_कट्टा

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत मी, बायको आणि आई असे तिघं पहिल्यांदाच देशाबाहेर जायचं म्हणतोय. कोल्हापूरला शाहूपुरीत आमचं छपाईचं दुकान आहे, त्यामुळं आठवड्यापेक्षा जास्त सुट्टी जमत नाही. एजंटाकडं गेलो की तेच ते. सकाळी सातला बस, दुपारी पंजाबी जेवण, संध्याकाळी मॉल, दुसऱ्या दिवशी दुसरं शहर. मला एकच जुनं गाव हवंय. आठ-दहा खोल्यांचं हॉटेल असावं आणि सकाळी दारात उभं राहिलं की तिथली माणसं आपापल्या कामाला लागलेली दिसावीत. आई माळकरी आहे, सत्तरीला आलीय. चालते चांगली, पण जिने झेपत नाहीत. 'बुटीक हॉटेल' म्हणून शोधलं तर नव्वद खोल्यांची हॉटेलंही त्याच नावानं येतात. ओळखायचं कसं? आणि गाव कुठलं धरायचं?

राजारामपुरी_शिवण

दादा, मी राजारामपुरीत ब्लाऊज-ड्रेस शिवते. व्हिएतनाममधल्या होई आनला राहून आलेय आणि तुम्हाला हवं ते तिथं मिळेल असं मनापासून वाटतं. पण गावापेक्षा मोठी गोष्ट आधी सांगते. जिथं जाल तिथं आपल्याच धंद्यातली माणसं शोधा. देवळं, बाजार सगळं बघा, पण अर्धा दिवस तरी आपलं काम करणाऱ्या माणसाजवळ बसा. भाषा येत नसली तरी त्याचा हात काय करतोय ते आपल्याला कळतं, आणि आपल्याला कळतंय हे त्यालाही दिसतं. मग तो तुम्हाला गिऱ्हाईक म्हणून वागवत नाही.

होई आन म्हणजे थू बोन नदीकाठचं जुनं बंदर. चिनी-जपानी व्यापारी येऊन राहिले होते. पुढं नदीत गाळ भरला, मोठी जहाजं दा नांगला जायला लागली आणि गाव मागं पडलं, म्हणून जुनी घरं टिकली. १९९९ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. घरं अरुंद आणि खोल आहेत, रस्त्याकडं दुकान, मध्ये उघडा चौक, मागचं दार नदीकडं. तान की नावाचं दोनशे वर्षांचं घर बघायला खुलं आहे. त्याच्या भिंतीवर पुराच्या खुणा केल्यात, १९६४ ची तर पार डोक्याच्या वर. फुंग हुंग घरात माडीच्या फळ्यांत झडप ठेवलीय, पाणी चढायला लागलं की माल तिथून वर ओढून घेतात. २०१९ ला शुक्रवार पेठेत माझ्या नणंदेचं घर पाण्यात गेलं, शिलाई मशीन वर काढायलाही वेळ मिळाला नाही. त्या झडपेखाली मी बराच वेळ उभी होते.

गावात शिंप्यांची दुकानं शेकड्यांनी आहेत. 'एका दिवसात सूट' अशा पाट्या. बऱ्याच दुकानांत फक्त माप घेतात, शिवण बाहेर होते, पोरगा स्कूटरवरून कापड घेऊन जातो. आमच्या हॉटेलच्या मालकीणबाईंना मी मोबाईलमधले माझ्या ब्लाऊजचे फोटो दाखवले, तर त्या मला स्कूटरवर मागं बसवून नदीपलीकडं त्यांच्या मावसबहिणीकडंच घेऊन गेल्या. एका खोलीत दोन पॉवर मशीन, भिंतीवर पूर्वजांचा देव्हारा, पुढं केळी आणि उदबत्ती. ती आओ दाई शिवत होती. हा त्यांच्या बायकांचा लांब झगा, दोन्ही बाजूंना कमरेच्या वरपर्यंत चिरलेला, खाली विजार. आपल्यासारखी खांद्यावर बाही जोडत नाहीत. गळ्यापासून निघालेला जोड तिरका थेट काखेत उतरतो, आणि एका बाजूच्या त्याच रेषेवर टिचबटणं. झगा अंगासरशी बसतो, तरी काखेत एक चुणी नाही! मी जोडावर बोट ठेवलं. तिनं कापड उलटं करून आतलं मार्जिन दाखवलं आणि मग वर्तमानपत्रावर बाहीचं कटिंग काढून दिलं. इकडं आल्यावर कॉलेजात शिकवणाऱ्या एका ताईंच्या ब्लाऊजला ते वापरलं. फळ्यावर लिहिताना हात वर गेला तरी ब्लाऊज वर सरकत नाही म्हणतात.

आता हॉटेल. नावावर जाऊ नका, खोल्या मोजा. पंधराच्या वर गेलं की मालक दिसायचा बंद होतो. मेसेज करून विचारा : तुम्ही त्याच घरात राहता का, नाश्ता कोण करतं, तळमजल्यावर खोली आहे का. उत्तर माणसाचं आलंय की छापील, त्यावरून निम्मं कळतं. फोटोत नुसता पलंग आणि स्विमिंग पूल असेल तर सोडा, दार आणि गल्ली दिसली पाहिजे. जुन्या गावाच्या अगदी मध्ये राहू नका. संध्याकाळी कंदील लागले की पाय ठेवायला जागा नसते, आणि दिवसातला बराच वेळ गाडीला बंदी असल्यानं बॅगा ओढत न्याव्या लागतात. दहा मिनिटं लांब बघा, नाहीतर त्रा के या भाजीच्या गावाकडं. तिथं नदीतलं शेवाळ काढून वाफ्यात खत म्हणून पुरतात, आईंना बघायला आवडेल.

आईंच्या जेवणाची काळजी रास्त आहे. तिकडं नुसत्या भाजीतही माशाचं पाणी घालतात. पण बौद्ध मंडळी अमावस्या-पौर्णिमेला शाकाहार पाळतात, म्हणून 'चाय' (तिकडं त्याचा अर्थ चहा नव्हे, शाकाहारी) अशी पाटी असलेल्या खानावळी आहेत. तिथंच जेवा.

मंगळवारपेठ_सध्या_पेनांग

आई सोबत आहेत तर मी मलेशियातलं, पेनांग बेटावरचं जॉर्जटाउन सुचवेन. इथं केळीच्या पानावर तमिळ जेवण मिळतं, चिनी शाकाहारी खानावळीही आहेत. व्हिसाचंही सोपं, आपल्या पासपोर्टवर सध्या तीस दिवस व्हिसा लागत नाही. फक्त पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं.

चिओंग फात त्झे या व्यापाऱ्याचा निळा वाडा जरूर बघा. चुन्यात नीळ कालवून रंगवलाय, ३८ खोल्या, पाच चौक, पाऊस आत पडतो. आता तिथं हॉटेल आहे. राहणं महाग, पण तिकीट काढून आतून दाखवतात. एक गोष्ट मात्र मला सलते. २००० साली इथला जुना भाडेकायदा उठला, भाडी वाढली आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कुटुंबं बाहेर पडली. २००८ ला युनेस्कोचा दर्जा आला आणि कितीतरी दुकानघरांची हॉटेलं झाली. म्हणून खोली घेताना अशी गल्ली बघा, जिथं शेजारी अजून कोणी उदबत्त्या विकतंय, सायकली दुरुस्त करतंय. पैसा त्या गल्लीत राहतो. आणि समुद्रावर खांब रोवून वसवलेल्या च्यू जेटीवर गेलात तर लोकांच्या घरात कॅमेरा घालू नका, माणसं राहतात तिथं.

बावडेकर

ग्रुप टूरला सरसकट नावं ठेवू नये असं मला वाटतं. माझ्या वडिलांना परदेशात रात्री दम लागला तेव्हा टूर लीडरनं तासाभरात डॉक्टर उभा केला. स्वतःचं स्वतः जात असाल तर आईंचा प्रवास विमा काढा, आधीचे आजार त्यात धरलेत का ते वाचून घ्या, आणि गोळ्यांच्या चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या.

पन्हाळा_भटकंती

होई आनला गेलात तर साधारण चाळीस किलोमीटरवर 'मी सन' नावाचं ठिकाण आहे, ते चुकवू नका. चंपा या तिथल्या जुन्या राज्याच्या राजांची विटांची शिवमंदिरं, चौथ्या ते तेराव्या शतकांतली. देवाचं नाव भद्रेश्वर, शिलालेख संस्कृतात. १९६९ मध्ये अमेरिकी बॉम्बहल्ल्यात सगळ्यात मोठं शिखर पडलं, बॉम्बचे खड्डे अजून दिसतात. भारतीय पुरातत्त्व खात्यानं तिथं डागडुजीचं काम केलं, आणि २०२० मध्ये त्या कामात एका दगडात घडवलेलं अखंड शिवलिंग सापडलं. वाटाड्यानं ते दाखवलं तेव्हा आमच्यातल्या काकूंनी चपला काढून हात जोडले. सकाळी लवकर जा, ऊन फार लागतं.

शाहूपुरी_कट्टा

सगळ्यांचे आभार. आईला 'मी सन'बद्दल वाचून दाखवलं, ती तिथंच अडकली, त्यामुळं होई आन नक्की. विमा आजच बघतो. ताई, तुमचं धंद्याचं म्हणणं पटलं. पण छपाईवाल्यानं तिकडं काय शोधायचं? आणि फेब्रुवारी चालेल ना?

राजारामपुरी_शिवण

दादा, ह्यू शहराजवळ सिन्ह म्हणून गाव आहे. लाकडी ठशावर काळी शाई लावून पूजेची चित्रं छापतात, रंग हातानं भरतात. पूजा झाली की ती चित्रं जाळून टाकायची असतात, म्हणून दरवर्षी नवी छपाई. होई आनहून घाट ओलांडून तीन तासांवर आहे. तुमच्याकडच्या लग्नपत्रिका आणि आरतीसंग्रह घेऊन जा, दाखवायला हातात काहीतरी असावं.

फेब्रुवारीचं मात्र जपून. त्यांचं नवं वर्ष, टेट, साधारण २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी यात कधीही येतं. त्या दिवसांत दुकानं बंद, कारागीर गावी, गाड्या भरलेल्या. तारीख बघा आणि त्याच्या पुढचे दोन आठवडे सोडून मार्च धरा. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा तर विचारच नको, पुराचे दिवस. ई-व्हिसा सरकारी साइटवरूनच काढा, एकदा जाण्याचा २५ डॉलर. मिळत्याजुळत्या नावाच्या साइट दुप्पट घेतात. नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच भरा, आणि आईंच्या पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून सहा महिने आहे का ते तिकिटाआधी बघा.